हिरेमठबाईंच्या खुणा

हिरेमठबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. १९७० सालचा जून होता. माढ्याहून मी सोलापूरला नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघाले होते आणि आमची एसटी शहराच्या अलीकडे एका ओढ्याच्या पुलावर पंक्चर होऊन थांबली होती. प्रवासी उतरून बाभळीच्या सावलीला गेले. मी पुलाच्या कठड्याकडे गेले तर कठड्यावर एक बाई पालथी पडलेली. पाय रस्त्याच्या बाजूला, चपला शेजारी जोडून ठेवलेल्या आणि कमरेपासून वरचा सगळा देह पुलाबाहेर लोंबकळत. मला वाटलं, ही जीव द्यायला निघाली आहे. मी धावत जाऊन तिचे घोटे घट्ट धरले.

"धरलंय ना? मग सोडू नका," खालून आवाज आला. "अजून जरा खाली जाता येईल."

ती बाई नारळाच्या काथ्यानं पुलाच्या दगडावरचं शेवाळ घासत होती. काही वेळानं वर आली तेव्हा चेहरा लालबुंद, केसांत माती, पदर कमरेला खोचलेला. मी कोण, कुठली, काही न विचारता म्हणाली, "हाय. रेघ पण हाय, बाण पण हाय. बघणार? मी धरते तुमचे पाय." मी नको म्हटलं. तिनं चपला घातल्या आणि भर उन्हात शहराच्या दिशेनं चालू लागली. आमची गाडी दुरुस्त होऊन निघाली तेव्हा ती बरीच पुढं गेलेली होती. कंडक्टरनं गाडी थांबवून विचारलं तर तिनं हातानंच 'जा' म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकखोलीच्या दाराशी त्याच चपला दिसल्या. हिरेमठबाई भूगोल शिकवत. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, लग्न केलेलं नव्हतं. मुलींच्या त्या शाळेत त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर नकाशांच्या गुंडाळ्या पडलेल्या असत. चहा त्या खिडकीशी उभ्यानं घेत, डबा येरझाऱ्या घालत खात. वर्गातही फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत अशा फिरत की मुलींच्या माना दुखत. कोणी म्हणालं, "बसा की बाई," तर म्हणत, "बसून काय होतंय? बसलं की डोकं चालायला लागतं. त्यापेक्षा पाय चाललेले बरे." वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत. घरची भाषा कन्नड. रस्त्यावर आल्या की मात्र सोलापूरचे 'हाय' आणि 'की' आपोआप सुटत.

त्या पुलाखाली काय शोधत होत्या ते मला पुढं कळलं. इंग्रजांच्या काळात सर्व्हेवाल्यांनी मुलूखभर जमिनीची उंची मोजत नेली होती. मोजत जाताना वाटेतल्या पक्क्या दगडावर ते खूण कोरून ठेवत. एक आडवी रेघ, तिच्या पोटाशी टोक भिडवलेला बाण आणि बाजूला बी, एम ही इंग्रजी अक्षरं. ती रेघ समुद्रसपाटीपासून किती उंच हे त्यांच्या दप्तरी लिहिलेलं असे. अशा खुणा पुलांवर असत, देवळांच्या जोत्यांवर, स्टेशनच्या फलाटावर, डाकबंगल्याच्या पायरीवर. कित्येक बुजलेल्या, कित्येक चुन्याखाली गेलेल्या. हिरेमठबाई रविवारी त्या शोधत हिंडत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला त्याचा उपयोग नव्हता. खूण सापडली की तिच्यावर तळहात ठेवायच्या, डोळे क्षणभर मिटायच्या आणि लगेच म्हणायच्या, "चला, पुढं."

मी त्यांच्याबरोबर कशी जायला लागले ते मलाही नीट सांगता येणार नाही. आमचं नवं लग्न झालेलं. यजमानांची गिरणीत पाळी असे आणि त्यांची सुट्टी रविवारी क्वचितच येई. मी खेड्यातून आलेली, शहरातल्या दोन खोल्यांत माझा जीव घुसमटे. एका रविवारी सकाळी बाई दारात उभ्या. "मोरेबाई, मंद्रूपच्या बाजूला जायलोय. येता का?" मी भाकरी बांधून घेतली आणि निघाले. त्या दिवशी आम्ही किती चाललो कोण जाणे. परतताना माझ्या पायांना फोड होते आणि मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

एका खेड्यात देवळाच्या ओट्याला खूण असल्याचं बाईंच्या जुन्या नकाशावर दाखवलेलं होतं. ओट्यापाशी गेलो तर कोपऱ्यातल्या दगडावर शेंदराचा जाड थर, त्यावर चांदीचे डोळे, पुढं नारळाच्या करवंट्या. एक म्हातारी राखण करत बसलेली. बाईंनी दगडाला हात न लावता आधी तिला विचारलं, "आजी, ह्याला धुतलं तर चालंल का?"

म्हातारीनं विचार केला. "धुवा की. पर परत शेंदूर लावून जावा. उघडं नगा ठेवू त्याला."

मग गावातून तेल आणलं, शेंदूर आणला. थर उतरवायला दुपार गेली. खाली रेघ निघाली, बाण निघाला. म्हातारी कौतुकानं बघत म्हणाली, "त्रिशूळ हाय व्हय! मला वाटलंच हुतं." बाईंनी तिला काही समजावून सांगितलं नाही. तळहात ठेवला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा शेंदूर चढवला, डोळे बसवले. तेवढ्यात कोणीतरी त्यांचं आडनाव विचारलं. 'हिरेमठ' ऐकताच दोघेतिघे पाया पडायला पुढं आले, कारण हिरेमठ म्हणजे जंगम, लिंगायतांचे गुरू. बाई इतक्या ओशाळल्या की चपला हातात घेऊनच देवळाबाहेर पडल्या. वाटेत म्हणाल्या, "माझ्या पायांवर डोकं ठेवलं की मला पाय हलवता येत नाहीत. ते मला सोसत नाही."

हे वेड कुठून आलं, असं मी त्यांना त्याच वाटेवर विचारलं. त्यांनी चालतचालत सांगितलं. वडील, ज्यांना त्या अप्पा म्हणत, रेल्वेत मिस्त्री म्हणून निवृत्त झालेले. पण अगदी तरुणपणी, रेल्वेत लागण्याआधी, ते उंची मोजणाऱ्या एका साहेबाच्या टोळीत होते. साहेब दुर्बिणीतून बघे आणि अप्पा दूरवर आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभे राहत. एकदा टोळीतला पाथरवट तापानं पडला. साहेबानं छिन्नी अप्पांच्या हातात दिली आणि होटगी ते मंद्रूपच्या मधल्या माळावर, एका मोटेच्या विहिरीशेजारच्या दगडावर, अप्पांनी स्वतः रेघ आणि बाण कोरला. "मुलगा झाल्यासारखा आनंद झाला होता म्हणायचे," बाई म्हणाल्या. "नकाशात तो नव्हता, पण तेवढा एक दगड मला बघायचा होता. तो शोधताना दुसरेच सापडत गेले. मग ते शोधायचं थांबवता येईना."

अप्पांना विचारून का घेत नाही, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या घरी मिळालं. बाळीवेशीतल्या एका चाळीत, बाजेवर अप्पा आडवे होते. मी सोलापुरात येण्याच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द राहिला, 'होगु'. कन्नडमध्ये होगु म्हणजे जा. पाहुणे समाचाराला आले की अप्पा त्यांच्याकडे बघून म्हणत, होगु. लोक रागावत. पाणी हवं असलं तरी होगु, ऊन आलं तरी होगु. बाई त्या एका शब्दाच्या चढउतारावरून काय हवं ते ओळखत. रविवारी शेजारची नरसम्मा सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत अप्पांजवळ बसे. तेलुगूत ती काय बोले आणि अप्पा काय समजत देव जाणे. पण सकाळी बाई चपला घालत तेव्हा अप्पा बाजेवरून म्हणत, "होगु." त्याचा अर्थ मात्र कोणालाही कळण्यासारखा होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं. शहरात दिव्यांना काळे कागद लागले, रेल्वेच्या पुलांवर पहारे आले. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही, पण रविवार आला की त्यांचे पाय घरात ठरत नसत. मी म्हटलं, आज राहू द्या. "पुलावर नाही जायचं," त्या म्हणाल्या, "त्याच्या अलीकडं एक मोरी हाय, नुसती बघून येऊ." मोरीपाशी आम्ही वाकून बघतो न बघतो तोच आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावत आली. बाईंच्या पिशवीत अप्पांच्या जवळचा जुना नकाशा होता. तो बाहेर निघाला तसं माणसांनी आमच्याभोवती कडं केलं. पोलीस पाटलानं आम्हांला चौकीवर नेलं.

फौजदार भला माणूस होता, पण घाबरलेलाही होता. नकाशा उलटसुलट करून बघत म्हणाला, "बाई, हा कशाला हवा तुम्हांला?"

"खुणा बघायला."

"कसल्या खुणा?"

बाईंनी सगळं सांगितलं. रेघ, बाण, पट्टी, अप्पा. सांगताना त्या चौकीच्या ओसरीवर इकडून तिकडं फिरत होत्या. फौजदाराची मान त्यांच्याबरोबर फिरत होती. शेवटी तो म्हणाला, "आधी एका जागी बसा. तुम्ही अशा फिरायला लागलात की मला संशय येतो." बाई बसल्या. त्यांना तसं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले, जणू ते सोडले तर त्या उठून पळतील.

शाळेच्या मोठ्या बाई स्वतः टांगा करून आल्या, आमच्यासाठी शब्द दिला आणि आम्हांला सोडवून नेलं. नकाशा चौकीतच राहिला. संस्थेच्या मंडळींनी दोघींना बोलावून बजावलं. शिक्षिकेनं असं रानोमाळ भटकणं शोभत नाही, पुन्हा असं कानावर आलं तर नोकरी राहणार नाही. मला यजमानांनीही समजावलं. हिरेमठबाईंच्या पगारावर तर अप्पांची औषधं होती. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग सव्वा-दीड वर्ष त्यांचे रविवार घरात गेले. त्या दिवसांत त्यांना बघवत नसे. शाळा सुटल्यावर चाळीच्या गच्चीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहायच्या. वर्गात चिडायच्या, मग पोरींची माफी मागायच्या. एकदा मी गेले तर त्यांनी घरातली सगळी भांडी खाली काढली होती आणि पुन्हा लावत होत्या. अप्पा बाजेवरून बघत होते. "होगु," ते म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. ते पुन्हा म्हणाले, मग पुन्हा, चढत्या आवाजात, डावा हात बाजेच्या काठावर आपटत. बाई एकदम खाली बसल्या आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून मराठीत म्हणाल्या, "कुठं जाऊ? जायला दिलं पाहिजे ना कोणी."

बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला होता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत सगळा जिल्हा दुष्काळी कामांवर होता. खेडोपाडी रस्त्यांची खडी फोडणं चालू होतं. माळावरचे, बांधावरचे, पडक्या विहिरींचे, मिळतील ते दगड फुटत होते. एक दिवस मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ आल्या. आवाज हळू होता. "मोरेबाई, होटगी-मंद्रूपच्या मधल्या माळावर काम निघालंय म्हणे. तिथले सगळे दगड फोडतील." मी म्हटलं, "रविवारी जाऊ." नोकरीचं काय होईल हा विचार आम्ही दोघींनीही केला नसेल असं नाही, पण तो कोणी तोंडानं बोललं नाही.

त्या माळावर माणूसच माणूस होता. कडकडीत ऊन, हातोड्यांचा एकसारखा आवाज, बायकांच्या डोक्यांवर पदर, तोंडांवर धुरळ्याचा पांढरा लेप. बाई एकेका टोळीपाशी जाऊन विचारत होत्या, बाण काढलेला दगड कोणी पाहिला का. लोक हसत, किंवा उत्तर द्यायलाही थांबत नसत. बाभळीखाली एक धनगराची बाई खडी फोडत बसली होती. म्हाकूबाई तिचं नाव. मेंढरं चाऱ्याअभावी गेलेली, म्हणून कामावर आलेली. ती म्हणाली, "बाण? ह्यो बघा की." आणि ज्या दगडावर बसली होती त्यावरून उठली.

रेघ होती, बाण होता, अक्षरंही होती.

"मुकादम म्हनला फोड," म्हाकूबाई सांगत होती, "मी म्हनलं, न्हाय. देवाचं हत्यार काढल्यालं हाय ह्याच्यावर. मी ह्याच्यावर बसन, पर फोडनार न्हाय."

बाईंनी दगडावर हात ठेवला. या वेळी 'चला, पुढं' आलं नाही. बराच वेळ हात तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "अप्पांना आणायला पाहिजे."

हे कसं जमायचं, मला कळेना. पण त्या कामावर सोलापूरहून पाण्याचा टँकर येई आणि त्याचा ड्रायव्हर बाईंच्या एका विद्यार्थिनीचा बाप निघाला. पुढच्या रविवारी सकाळी टँकर चाळीपाशी उभा राहिला. ड्रायव्हरनं अप्पांना लहान पोराला उचलावं तसं उचललं. "अप्पाको मेरे बाजू में बिठाव," तो म्हणाला, "मैं आहिस्ता चलाता." मी अप्पांना धरून बसले. बाई दाराबाहेरच्या पायरीवर उभ्या, एका हातानं दार धरून. शहर मागं पडलं तसे अप्पा काचेतून बाहेर बघायला लागले. त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलत होता.

माळावर बातमी आधीच गेली होती. टँकर थांबला तशी माणसं हातोडे टाकून जमली. बाज आणली, तिच्यावर अप्पांना बसवून दोन्ही बाजूंनी धरलं आणि दगडापाशी नेलं. म्हाकूबाईनं दगड धुऊन ठेवला होता. बाईंनी अप्पांचा डावा हात हातात घेऊन त्यांची बोटं बाणावर टेकवली.

अप्पांनी बोटं रेघेवरून फिरवली. बाणाच्या एका कडेवरून, मग दुसऱ्या. टोकापाशी थांबले. सगळा माळ त्यांच्या तोंडाकडं बघत होता. मग त्यांनी मान हलवली. नाही.

कोणाला समजलंच नाही. म्हाकूबाई पुढं होऊन म्हणाली, "आज्जा, नीट बघा की. बाण हाय, रेघ हाय. अजून काय पायजे?"

अप्पांनी पुन्हा मान हलवली, या वेळी जरा रागानं. ज्यानं छिन्नी चालवली त्याला आपला घाव कळणारच. तो बाण दुसऱ्या कोणाचा तरी होता.

मी बाईंकडं बघितलं. इतक्या वर्षांची वणवण, त्यावर टांगलेली नोकरी, आणि हे. बाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि वाकून विचारलं, "एल्ली, अप्पा?" म्हणजे कुठं.

अप्पांनी डावा हात उचलला. खडीच्या ढिगांपलीकडं, ओढ्याच्या सुकलेल्या पात्रापलीकडं, जिथं उघड्या माळाशिवाय काही दिसत नव्हतं, तिकडं बोट केलं. "होगु," ते म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. चार गड्यांनी बाज खांद्यावर घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. बाजेबरोबर बाई, मागं मी, म्हाकूबाई आणि तिच्या टोळीतल्या बायका. मुकादम ओरडत आला की काम कोण करणार, आणि मग तोही आमच्याबरोबर चालायला लागला. ओढा ओलांडला. अप्पा पुढं बोट दाखवत, "होगु." एक उंचवटा चढलो. पलीकडं पडकी विहीर दिसली. सगळे तिच्याभोवती शोधायला लागले, दगड उलटेपालटे करू लागले. काही नव्हतं. अप्पांनी विहिरीकडं बघितलं, मान हलवली आणि आणखी पुढं बोट केलं. गडी बाज खांद्यावर घेऊन पुन्हा निघाले. कोणाच्या तोंडून कुरकूर ऐकल्याचं मला आठवत नाही. दुष्काळात त्या माणसांना रोज एकाच जागी बसून दगड फोडायचा होता. त्या दिवशी त्यांना कुठंतरी जायला मिळालं होतं.

टँकरनं मागून भोंगा वाजवला तेव्हा कुठं आम्ही थांबलो. अप्पांचा चेहरा उन्हानं रापला होता. म्हाकूबाईनं रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी पाण्यात कुस्करून त्यांना भरवली. घरी दोन घासांवर तोंड फिरवणारे अप्पा तिच्या हातून अख्खी भाकरी जेवले.

परतताना मी बाईंना म्हटलं, "दगड काही मिळाला नाही."

"मिळाला असता तर उद्या त्यांनी काय केलं असतं?" बाई म्हणाल्या. त्या अजून पायरीवरच उभ्या होत्या, वाऱ्यानं केस उडत होते. "इतकी वर्षं नुसतं छत बघत होते. आज माणसांना हुकूम सोडत होते. आवाज ऐकला का तुम्ही त्यांचा?"

ही गोष्ट संस्थेच्या कानावर गेलीच. बाईंना बोलावणं आलं. पुन्हा का भटकलात, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आजारी वडिलांना हवापालटाला नेलं होतं." मंडळींनी मग विषय तिथंच मिटवला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पावसाळा संपतासंपता एका सकाळी नरसम्मा मला बोलवायला आली. अप्पा झोपेतच लिंगैक्य झाले होते. बाईंचा धाकटा भाऊ गुरुपाद हुबळीहून आला. लिंगायतांत देह बसवून पुरतात. इतकी वर्षं आडव्या पडलेल्या अप्पांना मांडी घालून, पाठ ताठ करून बसवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. ते एखाद्या सभेला निघाल्यासारखे दिसत होते. बाई एकटक बघत होत्या. रडल्या नाहीत.

माती लोटून झाल्यावर गुरुपाद म्हणाला, "अक्का, चांगला काळा दगड बसवू. नाव कोरून घेऊ."

"नको," बाई म्हणाल्या.

"नको कसं? ओळख कशी राहणार?"

"दगड बसवलास तर मला दर अमावास्येला इथं येऊन बसावं लागेल. मला ते जमणार नाही. अप्पांना माहीत होतं ते."

गुरुपाद दुखावला. लोक आपसांत कुजबुजले. जन्मभर दगड शोधत हिंडली आणि बापाला एक दगड देईना, असं कोणीतरी माझ्या मागं बोललं. मलाही तेव्हा ते लागलं होतं. पण बाईंनी दगड बसवू दिला नाही.

भावानं हुबळीला येऊन राहा म्हणून फार आग्रह केला. "तुझ्याकडं येऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "तुझी बायको चांगली हाय. ती मला दिवसभर बसा म्हणंल." पुढच्या जूनच्या आत त्यांनी बेल्लारीकडच्या एका शाळेत जागा मिळवली. सकाळच्या गदग गाडीला मी पोहोचवायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. गाडीत जागा रिकामी होती, तरी त्या दारातच उभ्या. मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तोही घाईघाईनं. "मोरेबाई," त्या म्हणाल्या, "रविवारी घरात राहू नका." गाडी हलली.

पहिल्या वर्षी त्यांची कार्डं आली, दर वेळी वेगळ्या गावाहून. मजकूर दोन ओळींचा, मी बरी आहे, इकडं डोंगर फार आहेत. मग तीही थांबली. मी पाठवलेलं पत्र परत आलं. शाळा सोडून गेल्या, एवढंच कळलं.

दोनेक वर्षांनी, जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना शिपाई सांगत आला की फाटकाशी एक खेडवळ बाई हिरेमठबाईंना शोधत आली आहे. मी जाऊन बघितलं. म्हाकूबाई होती. अंगावर नवं लुगडं, जत्रेतून घेतलेल्या बांगड्या हातभर.

"त्या बाई कुटं हायेत?" तिनं विचारलं.

"गेल्या सोलापूर सोडून. कुठं आहेत ते मलाही माहीत नाही."

तिचा चेहरा उतरला. "आज्जानं बोट केलं हुतं बगा, तिकडं आता माझा ल्योक वाट्यानं रान करतोय. नांगराला धोंडा लागला. जुन्या हिरीच्या म्होरं. काढून ठिवलाय बांधावर. म्हनलं, बाईला सांगावं."

मी रविवारी गेले. माळ आता ओळखू येत नव्हता. ज्वारी कंबरेएवढी उभी होती. बांधावर धोंडा ठेवला होता, हळदकुंकू वाहिलेलं. म्हाकूबाईचा मुलगा, सून, शेजारची माणसं सगळी येऊन उभी राहिली. मी घागरभर पाणी ओतून माती काढली. विटेच्या तुकड्यानं घासलं. सगळ्या बाजूंनी बोटं फिरवली, मग डोळे मिटून पुन्हा फिरवली. दगड गुळगुळीत होता. रेघ नव्हती, बाण नव्हता, छिन्नीचा एक घावसुद्धा नव्हता.

"ह्योच न्हवं?" म्हाकूबाईनं विचारलं.

हो म्हणावं असं फार वाटलं. तिनं जत्रा सोडून शाळा शोधून काढली होती. सगळी माणसं वाट बघत होती. पण मला अप्पांची मान आठवली.

"नाही, म्हाकूबाई," मी म्हटलं. "हा नाही."

तिनं धोंड्याकडं जरा वेळ बघितलं. मग हाताला लागलेलं कुंकू लुगड्याला पुसलं आणि ज्वारीच्या पलीकडं, जिथं अजून नांगर गेलेला नव्हता, तिकडं बघितलं.

"मंग म्होरं बघू की," ती म्हणाली आणि अनवाणीच चालायला लागली. मी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागून निघाले.